पाणथरी

ऑपरेशनला दीड महिना झाल्यावर ताईचं रक्त परत तपासलं, तेव्हा रिपोर्टच्या तळाशी एक ओळ जास्तीची होती. हॉवेल-जॉली बॉडीज दिसल्या, एवढंच. हिमोग्लोबिन छान वर आलेलं, डोळ्यांतला लहानपणापासूनचा पिवळेपणा गेलेला, सगळे खुश, आणि मी मात्र त्या एका ओळीवर अडकून बसले. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "काळजीचं काही नाही, प्लीहा काढली ना, मग हे दिसणारच."

दिसणारच म्हणजे काय, हे मी घरी येऊन वाचलं. हाडांच्या मगजात लाल पेशी तयार होते तेव्हा शेवटच्या टप्प्यात ती आपलं केंद्रक बाहेर टाकून देते, पण कधीकधी त्याचा एखादा कण आत राहून जातो. तुमच्या-माझ्याही काही पेशींत राहतो. मग ती पेशी फिरत फिरत प्लीहेत येते आणि तिथे तो कण तेवढा काढून घेतला जातो, पेशी न फोडता, आणि पेशी पुढे जाते. आपल्या रक्ताच्या स्लाइडवर हे कण दिसत नाहीत कारण कुणीतरी ते सतत वेचत असतं. ताईच्या शरीरात आता वेचणारं कुणी नव्हतं. मला प्लीहा पहिल्यांदा कळली ती अशी, ती गेल्यावर.

मराठीत या अवयवाला पाणथरी असा छान जुना शब्द आहे, आणि गंमत बघा, आपण काळजाचा तुकडा म्हणतो, आतडं तुटतं म्हणतो, पित्त खवळतं, पोटात गोळा येतो, म्हणजे पोटातल्या बहुतेक सगळ्यांना भाषेत जागा मिळाली, पण पाणथरीवरून एक वाक्प्रचार मला आठवत नाही. तिचं नाव निघतं ते फक्त ती सुजली की. जुन्या लोकांनाही ती कोड्यातच टाकत असावी. ग्रीक वैद्यकानं काळं पित्त तिच्या माथी मारलं आणि माणसाच्या उदासीचं खापर तिच्यावर फुटलं. रोमन काळात धावपटूंना प्लीहेचा अडथळा होतो अशी समजूत होती. आयुर्वेदानं मात्र रक्तवह स्रोतसांचं मूळ सांगताना यकृताच्या शेजारी प्लीहेला बसवलं. सूक्ष्मदर्शक नसताना रक्ताशी तिचं नातं जोडणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

मेडिकलच्या मुलांना तिची मापं पाठ करायला एक सोपी युक्ती शिकवतात, विषम आकडे ओळीनं म्हणायचे, १, ३, ५, ७, ९, ११. एक इंच जाड, तीन इंच रुंद, पाच इंच लांब, सात औंस वजन, आणि जागा डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड. मुठीएवढी, जांभळट, मऊ. एवढ्याशा अवयवातून हृदयानं ढकललेल्या रक्ताचा साधारण विसावा हिस्सा सतत जात असतो.

आणि ते रक्त तिथे नुसतं वाहत नाही, निम्मं कोडं तिथेच आहे. इतर अवयवांत रक्त धमनीतून केशिकांत आणि केशिकांतून शिरेत जातं, सगळा बंद पाइपांचा मामला. प्लीहेत बऱ्याचशा रक्ताला मध्येच पाइपाबाहेर सोडतात. ते लाल गराच्या जाळीत झिरपतं, जिथे भक्षक पेशी चिकटून बसलेल्या असतात, आणि परत शिरेत शिरायचं तर एकच वाट, शिरेच्या भिंतीतल्या फटी. फट जेमतेम एक-दोन मायक्रॉनची आणि लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची. तरुण पेशी लवचिक असते, ती अंग चोरून, लांबुळकी होऊन निसटते. म्हातारी पेशी ताठर झालेली असते, ती अडते आणि भक्षक पेशी तिला गिळते. लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं, त्या काळात तिला ही परीक्षा कितीतरी वेळा द्यावी लागते. शरीरात दर सेकंदाला २० लाखांच्या आसपास लाल पेशी संपतात, सगळ्या प्लीहेतच नाही, यकृतही हे काम करतं, पण त्यांतलं लोह काढून परत वापरात आणलं जातं. हे रोजचं २०-२५ मिलिग्रॅम लोह. जेवणातून आपण शोषतो ते जेमतेम १-२ मिलिग्रॅम. म्हणजे आपलं रक्त मुख्यतः जुन्याच रक्तातून बनत असतं!

ताईच्या पेशी गोल होत्या. हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस नावाचा आजार, पेशीच्या आवरणाखालची प्रथिनांची जाळी कमकुवत असते, त्यामुळे पेशी बशीसारखी चपटी न राहता चेंडूसारखी होते, आणि चेंडू काही अंग चोरू शकत नाही. तो फटीशी अडतो. ताईच्या पेशी ऑक्सिजन व्यवस्थित वाहून नेत होत्या, पण फटीतून जाता येत नाही म्हणून मारल्या जात होत्या, त्यातून रक्त कमी, कावीळ, पित्ताशयात खडे. तो आजार आमच्याकडे बाबांकडून आला, माझीही तपासणी झाली, माझ्या पेशी चपट्या निघाल्या आणि त्या दिवशी मला आनंद झाला त्याची मला बरेच दिवस लाज वाटत होती.

मला या सगळ्यात लागलं ते असं की तिची प्लीहा आजारी नव्हती. ती तिचं काम अगदी चोख करत होती, करून करून मोठी झाली होती. आणि तीच काढावी लागली. ऑपरेशननंतरही ताईच्या पेशी गोलच आहेत, फक्त आता त्यांना कुणी अडवत नाही.

यानंतर मी जे वाचत सुटले ते थांबलेच नाही. कॉलेजात झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला आम्ही लहान शार्क उघडला होता, त्याच्या जठराचा आकार इंग्रजी जे अक्षरासारखा वळलेला असतो आणि त्या वळणाला बिलगून गडद लाल रंगाचा एक पट्टा. सरांनी चिमट्याच्या टोकानं दाखवला होता, "ही स्प्लीन", आणि आम्ही जर्नलमध्ये बाण काढून नाव लिहिलं होतं. तेव्हा काहीच वाटलं नाही. आता कळतं की तो पट्टा बघणं म्हणजे फार जुनी गोष्ट बघणं होतं, कारण शार्कचे आणि आपले पूर्वज ४० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि तरीही त्याच्या प्लीहेत लाल गर आहे, पांढरा गर आहे, म्हणजे लिम्फोसाइट्सची, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, बेटं आहेत.

त्याच्या मागे गेलात की मात्र प्लीहा सापडत नाही. लॅम्प्री आणि हॅगफिश हे बिनजबड्याचे मासे, ईलसारखे लांबलचक, त्यांच्यात वेगळा असा हा अवयव नाहीच. लॅम्प्रीच्या आतड्याच्या भिंतीत रक्तपेशी घडवणारी उती पसरलेली असते, काही लोक तिलाच प्लीहेची पूर्वज-बहीण मानतात. आणि २००४ साली झीव पॅन्सर, मॅक्स कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लॅम्प्री जंतू ओळखतात खरे, पण आपल्यासारख्या अँटीबॉडीज वापरून नाही, त्यांनी वेगळ्याच प्रथिनांपासून स्वतःची पद्धत तयार केलीय. म्हणजे जबडा आला त्या घराण्यात अँटीबॉडीजही दिसतात आणि प्लीहाही दिसते. तिन्ही गोष्टी एकाच शाखेवर. मला हे वाचून अंगावर काटा आला होता, कारण आपण शिकतो की जबडा ही क्रांती, चावता येऊ लागलं, शिकार करता येऊ लागली, पण त्याच शाखेवर आतमध्ये रक्ताला थांबवून तपासायची ही जागाही उभी राहिली होती आणि तिचा बाण मी जर्नलमध्ये न बघता काढला होता.

आपल्याला गळ्याला, काखेत, जांघेत गाठी येतात त्या लिम्फ नोड्स तर फारच उशिरा आल्या, त्या सस्तन प्राण्यांत नीट दिसतात आणि काही पक्ष्यांत थोड्याफार. मासे, बेडूक, साप, सरडे यांच्याकडे तशा गाठी नाहीत. त्यांना रक्तात जंतू शिरला की ओळख पटवायची मुख्य जागा प्लीहाच. कोट्यवधी वर्षं हा कारभार तिनं जवळजवळ एकटीनं सांभाळला, आणि आपण तिला शरीरातला दुय्यम अवयव म्हणतो.

तिचं रूप मात्र दर ठिकाणी वेगळं. लंगफिशमध्ये ती जठराच्या भिंतीतच गाडलेली असते, स्वतंत्र लोंबत नाही. कित्येक सापांत ती स्वादुपिंडाला चिकटलेली किंवा त्यात मिसळलेली असते. बऱ्याच माशांच्या प्लीहेत काळपट-तपकिरी रंगाच्या भक्षक पेशींचे पुंजके असतात, मासा म्हातारा होत गेला, उपाशी राहिला किंवा घाण पाण्यात वाढला की ते पुंजके वाढतात, म्हणून पाण्याचं प्रदूषण तपासणारे लोक माशाची प्लीहा कापून बघतात. पक्ष्यांत ती लहानशी असते, रक्त साठवायचं काम तिच्याकडे नाही.

आणि कामंही बदलत गेली. सॅलमँडरमध्ये मोठेपणीही लाल पेशी बनतात त्या प्लीहेत. उंदराची प्लीहा आयुष्यभर थोडंफार रक्त बनवत राहते. माणसाच्या गर्भातही ती काही काळ या कामाला हातभार लावते, मग हाडांचा मगज सगळं ताब्यात घेतो आणि ती बाजूला होते. पण विसरत नाही. मायलोफायब्रोसिसमध्ये मगज तंतूंनी भरून निकामी होत जातो तेव्हा म्हाताऱ्या माणसाच्या पोटात ती परत रक्त बनवायला लागते आणि फुगत फुगत बेंबीच्याही खाली जाते.

घोड्याचं तर सांगायलाच हवं. घोडा नुसता उभा असतो तेव्हा त्याच्या रक्तात लाल पेशींचं प्रमाण साधारण ३५-४० टक्के असतं, आणि तो जीव तोडून पळायला लागला की ६० टक्क्यांच्या वर जातं. एवढ्या पेशी मिनिटभरात बनत नाहीत, त्या प्लीहेत साठवलेल्या असतात, तिच्या आवरणात स्नायू असतात, अॅड्रेनालिन आलं की ती आवळते आणि सगळा साठा रक्तात ओतते. पळायच्या आधी नुसता घाबरला तरी ओतते, त्यामुळे बिथरलेल्या घोड्याचं रक्त घेतलं तर रिपोर्ट भलताच येतो हे जनावरांच्या डॉक्टरांना माहीत असतं. शिकारी कुत्र्यांतही हेच. भूल दिली की उलट, प्लीहा सैल पडते आणि रक्त पातळ दिसायला लागतं.

हे कळलं ते केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट यांच्यामुळे, १९२० च्या दशकात. त्यांनी प्राण्यांना थोडा कार्बन मोनॉक्साइड दिला आणि पाहिलं की सगळ्या रक्तात तो पसरला तरी प्लीहेतल्या रक्तात उशिरा पोचतो, म्हणजे तिथलं रक्त मुख्य प्रवाहापासून वेगळं ठेवलेलं आहे. पुढे त्यांनी कुत्र्यांची प्लीहा ऑपरेशन करून पोटाबाहेर आणली, जिवंत, रक्तवाहिन्यांसकट, आणि कुत्रा पळाला किंवा उत्तेजित झाला की ती आक्रसते हे डोळ्यांनी बघितलं. मला तो प्रयोग वाचवत नाही. पण त्यातून जे समजलं ते मी आवडीनं सांगते आहे, हेही खरंच आहे, आणि या दोन गोष्टी माझ्या मनात अजून शेजारी-शेजारीच पडून आहेत.

पाण्यातल्या प्राण्यांनी तर हा साठा कुठल्या कुठे नेला. अंटार्क्टिकातला वेडेल सील श्वास रोखून तासाहूनही जास्त पाण्याखाली राहू शकतो. डुबकी मारली की त्याची मोठीच्या मोठी प्लीहा आवळते आणि ऑक्सिजननं भरलेल्या पेशी रक्तात सोडते, वर आल्यावर त्या परत आत घेते, कारण एवढं दाट रक्त कायम फिरवणं हृदयाला जड जाईल. मला वाटलं होतं मग देवमाशाची प्लीहा केवढी असेल! तर ती त्याच्या देहाच्या मानानं अगदी किरकोळ, डॉल्फिनमध्ये तर एखाद्या छोट्या चेंडूएवढी, सोबत दोन-चार आणखी बारके तुकडे. त्यांनी ऑक्सिजन साठवायला स्नायूंमधलं मायोग्लोबिन वापरलं, आणि भरपूर रक्त. दोघेही जमिनीवरून पाण्यात परत गेलेले, दोघांचाही प्रश्न एकच होता, पण एकानं प्लीहा वाढवली आणि दुसऱ्यानं तिच्याकडे बघितलंही नाही.

माणसाच्या प्लीहेच्या आवरणात तेवढे स्नायू नाहीत, आपला साठा लहान. तरी आहे. कोरियातल्या आमा बायका, पिढ्यान्‌पिढ्या श्वास रोखून समुद्रतळाशी जाणाऱ्या, त्यांची सोनोग्राफी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली, डुबक्यांनंतर प्लीहा जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं लहान झाली होती आणि हिमोग्लोबिन सुमारे १० टक्क्यांनी वर गेलं होतं. मग २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या बाजाव लोकांचा अभ्यास आला, मेलिसा इलार्डो आणि सहकाऱ्यांचा. बाजाव लोक समुद्रावरच राहणारे, पाण्याखाली भाल्यानं मासे मारणारे. शेजारच्या जमिनीवर राहणाऱ्या सालुआन लोकांपेक्षा त्यांची प्लीहा सुमारे ५० टक्के मोठी निघाली. आणि जे बाजाव स्वतः डुबकी मारत नाहीत त्यांचीही मोठीच, म्हणजे नुसत्या सरावानं झालेली नाही, वारशानं आलेली. पीडीई-१०-ए नावाच्या जनुकाशी तिचा संबंध लागला, बहुधा थायरॉइड हार्मोनच्या मार्गानं. उत्क्रांती म्हटलं की डोळ्यांसमोर जीवाश्म येतात, आणि इथे ती जिवंत माणसांच्या बरगड्यांखाली सोनोग्राफीत दिसत होती.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे ती डावीकडे का. गर्भाच्या अगदी सुरुवातीला डावं-उजवं काही नसतं, मग एका छोट्याशा खळग्यात सूक्ष्म केस भोवऱ्यासारखे फिरतात, द्रव एका बाजूला वाहतो, आणि त्या प्रवाहावरून शरीर ठरवतं की डावी बाजू ही. तिथे गडबड झाली तर काही बाळांना दोन्ही बाजू उजव्यासारख्या होतात आणि प्लीहा होतच नाही, काहींना दोन्ही डाव्यासारख्या आणि मग प्लीहेचे अनेक तुकडे. म्हणजे ती शरीराच्या डावेपणाची खूणच आहे. १९९४ मध्ये उंदरांत हॉक्स-११ हे एक जनुक बंद केलं तर बाकी उंदीर ठीकठाक आणि प्लीहा तेवढी गायब झाली होती. शेजारचं जठर, स्वादुपिंड, यकृत हे सगळं गर्भातल्या पचननलिकेच्या अस्तरातून फुटतं, ही नाही, ही जठराला धरून ठेवणाऱ्या पडद्यातून येते. शेजारात राहते पण त्या घरची नव्हे.

ती नसली तरी माणूस जगतो, त्यामुळे ती नसली तरी चालतं असं किती वर्षं मानलं गेलं! अपघातात फाटली तर काढून टाका, पोटात रक्तस्राव थांबवायचा तो सोपा मार्ग, आणि त्यानं लाखो जीव वाचलेही, ते नाकारता येणार नाही. पण १९५२ मध्ये किंग आणि शूमाकर या दोन डॉक्टरांनी पाच बाळांबद्दल लिहिलं, सहा महिन्यांच्या आतली, सगळ्यांना ताईचाच आजार, सगळ्यांची प्लीहा काढलेली, आणि सगळ्यांना नंतर भयंकर जंतुसंसर्ग झाला. मी तो मजकूर वाचला तेव्हा त्या बाळांच्या आयांचा विचार करत राहिले. पुढे १९७७ मध्ये दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन प्लीहा गमावलेल्या ७४० अमेरिकन सैनिकांचा आढावा आला, त्यांच्यात न्यूमोनियानं होणारे मृत्यू इतरांपेक्षा जास्त होते, आणि हृदयविकारानंही.

कारण असं की न्यूमोकॉकससारखे जंतू साखरेच्या रेणूंचं गुळगुळीत कवच घालून फिरतात, भक्षक पेशींना ते पकडताच येत नाहीत. प्लीहेत पांढऱ्या आणि लाल गराच्या सीमेवर अशा बी पेशी बसलेल्या असतात की ज्या हे कवच ओळखून पटकन अँटीबॉडी सोडतात, आणि तिथे रक्तही संथ चालतं, जंतूला गाठायला वेळ मिळतो. ती गेली की हाच जंतू सकाळच्या साध्या तापापासून रात्रीपर्यंत जीव घेण्याइतका पुढे जाऊ शकतो. म्हणून आता शक्य असेल तर ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी लसी देतात, लहान मुलांत निदान सहा वर्षांपर्यंत थांबतात, आणि फाटलेली प्लीहा शिवून, बांधून, नुसती लक्ष ठेवून वाचवायचा प्रयत्न करतात. २००९ मध्ये उंदरांत असंही दिसलं की मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची मोठी राखीव फौज प्लीहेत थांबलेली असते आणि हृदयाला झटका आला की ती तिकडे धावते. मलेरियात तर ती एकाच वेळी पोलीस आणि लपायची जागा, व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकाराचे परजीवी फिरत्या रक्तात अगदी थोडे आणि प्लीहेत प्रचंड संख्येनं दडलेले सापडलेत.

ताईच्या पर्समध्ये एक कार्ड असतं, प्लीहा नाही, ताप आल्यास ताबडतोब अँटिबायोटिक. कुत्रा चावला तर जास्तच काळजी, त्याच्या लाळेतला एक जंतू अशा माणसाला भारी पडतो. पहिल्या वर्षी एकदा रात्री तिला थंडी भरून आली, १०२ ताप, ती म्हणत होती सकाळी बघू आणि मी तिच्याशी भांडून तिला दवाखान्यात नेलं. काही निघालं नाही, साधा व्हायरल. परतताना गाडीत ती म्हणाली, "तुला माझ्यापेक्षा माझ्या पाणथरीची जास्त आठवण येते."

मागच्या महिन्यात, ऑपरेशनला नऊ वर्षं झाल्यावर, दुसऱ्याच कशासाठी तरी तिची सोनोग्राफी केली. बघणाऱ्या मॅडम डाव्या बरगडीखाली थांबल्या, प्रोब फिरवला, परत त्याच जागी आल्या. एक गोल, गुळगुळीत गोळा, दीड सेंटीमीटरचा. जास्तीची प्लीहा. दहापैकी एक-दोन माणसांत अशी जन्मतःच असते, सर्जन ती शोधून काढतात पण बारीक असली तर हातून सुटते, आणि मुख्य प्लीहा गेली की हळूहळू वाढते. डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवू, फार वाढली तर तुमच्या गोल पेशी परत अडवायला लागेल. ताईचा चेहरा पडला होता, साहजिकच.

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला. हिमोग्लोबिन ठीक. मी तळाची ओळ शोधली. हॉवेल-जॉली बॉडीज, आणि पुढे लिहिलं होतं, तुरळक.